दुमजली पायव्याबाबत

तक्रारदार : खाली सही करणार, वय एक्कावन्न, धंदा अर्जनविशी, बैठक पवनीच्या तहसील कचेरीसमोरील कडुनिंबाखाली. गैरअर्जदार : माझे साडभाऊ, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, राहणार आसगावच्या बाजूस. घटनेचा काळ : धान घरात आल्यापासून मिरग (मृग नक्षत्र) लागेपर्यंत. घटनेचे ठिकाण : साडभाऊंचा प्लॉट, आणि त्यातही जमिनीच्या वरचा भाग नव्हे, खालचा. साक्षीदार : एक, सुखदेव मिस्त्री, दोन, घरकुलाचे काम पाहणाऱ्या इंजिनिअर मॅडम, तीन, साडभाऊंची मंडळी, जिला आम्ही सगळे बाई म्हणतो.

अर्ज करण्यास कारण की, आमच्या साडभाऊंइतका जमिनीवर अविश्वास ठेवणारा मनुष्य वैनगंगेच्या दोन्ही काठांवर आजवर जन्मास आलेला नाही. हे विधान मी अतिशयोक्ती म्हणून करीत नाही. सव्वीस वर्षे लोकांची गाऱ्हाणी शुद्ध भाषेत मांडीत बसल्याने कोणता शब्द किती वजन पेलतो याचा मला अंदाज आहे. इतर माणसे माणसांवर अविश्वास ठेवतात. साडभाऊंचा मनुष्यमात्रावर पूर्ण विश्वास आहे, अगदी उसने मागणाऱ्यावरसुद्धा. अविश्वास काय तो पायाखालच्या मातीवर. याचे मूळ त्यांच्या धंद्यात असावे. चाळीस वर्षे ते गावच्या तलावाचे पाणकर होते, म्हणजे तलावाचे पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वावरात, केव्हा आणि किती सोडायचे हे पाहणारे. धानाची बांधी वरून कशी तुडुंब, शांत दिसते आणि धुऱ्याखालच्या, म्हणजे बांधाखालच्या, खेकड्याच्या बिळातून सगळे पाणी शेजाऱ्याकडे कसे निघून गेलेले असते, हे त्यांनी चाळीस वर्षे पाहिले. "बापू," ते मला म्हणतात, "वरतून दिसते ते कागद. खरी गोठ खालतून जाते." कागदावर पोट असलेल्या मनुष्यास हे वाक्य लागते, परंतु ते वडील आहेत.

त्यांच्या सवयी सविस्तर सांगू लागलो तर पुरवणी जोडावी लागेल. कोणाच्याही घरी गेले की उंबरठ्याच्या आत पाऊल ठेवून ते आधी टाच आपटतात, आवाज ऐकतात आणि मगच रामराम म्हणतात. बसल्यावर त्यांची नजर माणसांच्या तोंडाकडे नसते. भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या रेषेवरून ती फिरत असते. लग्नाला गेले की मांडव सोडून वधूपित्याच्या घराला बाहेरून एक फेरी घालतात. एकदा आम्ही दिघोरीला एका ओळखीच्या घरी सांत्वनाला गेलो होतो. घरचा कर्ता पुरुष गेलेला, सगळे माना खाली घालून बसलेले. साडभाऊही मान खाली घालून बसले होते आणि प्रसंगाचे गांभीर्य त्यांच्या ध्यानी आले, याचे मला समाधान वाटत होते. पंधरा मिनिटांनी ते मृताच्या भावाकडे वळले आणि अत्यंत हळव्या आवाजात म्हणाले, "दादा, तुमचा हा उजवा कोपरा बसून रायला जी. पान्याच्या आधी पाहून घेजा." भावाने डोळे पुसले आणि खरोखरच उठून कोपरा पाहिला. आमच्या स्वतःच्या घरातही देवघराशेजारच्या भिंतीला केसाएवढी एक चीर आहे. तिच्यावर मी कॅलेंडर टांगले आहे. साडभाऊ आले की पाण्याचा पेला घेण्याआधी ते कॅलेंडर उचलतात. चिरेच्या दोन्ही टोकांना त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या असून शेजारी महिना लिहिला आहे. "वाढली नाई," असे ते म्हणाले की माझी पत्नी चहा ठेवते. एका दिवाळीत त्यांनी कॅलेंडर उचलले, बराच वेळ पाहिले, आणि काही न बोलता खाली सोडले. त्यानंतर सहा दिवस मला अन्न गोड लागले नाही. सातव्या दिवशी मी मुद्दाम आसगावला जाऊन विचारले, तर म्हणाले, "चष्मा नवता आनला बापू."

असा मनुष्य स्वतःचे घर बांधावयास निघाला, याची वाचकांनी कल्पना करावी. त्यांचे जुने मातीचे घर मागच्या पावसाळ्यात मागील भिंतीपासून बसले. इजा कोणासही झाली नाही, परंतु तेव्हापासून दोघे प्लॉटच्या कडेला टिनाच्या शेडात राहू लागले. बाईला दम्याचा विकार. टिनाखाली ओल धरे, चुलीचा धूर बाहेर पडत नसे, आणि तो अख्खा पावसाळा तिने खोकत काढला. पुढचा पावसाळा अशा जागेत काढायचा नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितले होते. सुदैवाने घरकुल मंजूर झाले, पहिला हप्ता जमा झाला. नियम असा की जोते जमिनीवर यावे, त्याचा फोटो निघावा, म्हणजे दुसरा हप्ता सुटतो. जोते नाही तर हप्ता नाही. त्यात भर म्हणून साडभाऊंची शिल्लक आणि दोन म्हशी विकून आलेले पैसे. एवढ्यात मिरगाच्या आत बाईच्या डोक्यावर स्लॅब यावयाचा होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, असा सगळ्याचा अंदाज मी स्वतः फुलस्केपवर मांडून दिला होता. त्यात पायव्यासाठी, म्हणजे घराच्या पायासाठी, एक ओळ होती. साडभाऊंनी ती ओळ तीनदा वाचली, आणि बाकीचा कागद घडी घालून खिशात ठेवून दिला.

प्लॉटची जमीन कन्हार, म्हणजे काळी. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत मुरूम किती खाली लागतो हे पाहण्यास एक खड्डा पुरतो. साडभाऊंनी पाच खणले. प्रत्येक हातभर खोलीची माती त्यांनी वेगळी काढली, हुंगली, तिचे लाडू वळून कमरेच्या उंचीवरून टाकून पाहिले, आणि मग ती बरणीत घालून, वर पाणी ओतून, ढवळून, थर कसे बसतात ते पाहत राहिले. शेडात फळी एकच होती. तिच्यावर एकोणीस बरण्या उभ्या राहिल्या आणि तिखटमिठाचे डबे जमिनीवर आले. "माही लोनच्याची बरनी मातीले देली," बाई माझ्या पत्नीला सांगत होती, "अन् मलेच म्हनते, हालवू नोको, बसून रायली आहे. मी इथं उभी रायून रायली, ते नाई दिसत यायले."

सल्ला घेण्याची त्यांची रीत पाणी वाटण्याच्या रीतीसारखीच होती : सगळ्या बांध्यांतून फिरवायचा आणि शेवटी नाल्यात सोडून द्यायचा. सुखदेव मिस्त्री तोंडात सदैव खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, असल्यामुळे दिवसातून मोजकेच बोलतात. त्यांनी थुंकून सांगितले की दगडी पायवा घाला, आमच्या बापाने असेच घातले, अजून उभे आहेत. "बरोबर आहे जी," साडभाऊ म्हणाले. दुसऱ्या एकाने सांगितले, काळ्या मातीत दगड सरकतो, कॉलमच पाहिजेत. "हव जी, बरोबर आहे." बकऱ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याने सांगितले की खड्ड्यात धानाच्या कोंड्याची राख भरा, उंदीर येत नाहीत. पायव्याला उंदरापासून धोका असतो हे साडभाऊंच्या तोपर्यंत ध्यानात आले नव्हते. ती काळजी नव्याने सुरू झाली. अशा रीतीने पूस संपला, माघ लागला, आणि प्लॉटवर एक वीटही आली नाही.

मग त्यांच्या हातून जे घडले ते धानाच्या मुलखातील मनुष्याच्याच हातून घडू शकते. पायव्याचे चर एकदाचे खणून झाले होते. साडभाऊंनी विचार केला की बांधी कुठून गळते हे पाहावयाचे तर ती भरून ठेवावी लागते. तोच न्याय चरांना का लावू नये? त्यांनी शेजारच्या बोअरवेलवरून पाइप आणला आणि चर काठोकाठ भरले. तीन दिवस ते फावडे खांद्यावर टाकून धुऱ्यावरून फिरावे तसे चरांच्या कडेने फिरत होते. बेडूक आले. एक बगळाही येऊन बसला. रस्त्याने जाणारे येणारे धानाच्या लावणीची थट्टा करीत विचारीत, "पानकर, रोवना कधी लावता?" साडभाऊ गंभीरपणे उत्तर देत, "आधी पाहू तं द्या." तिसऱ्या दिवशी काळी माती फुगली आणि चराच्या कडा दोन्हीकडून आत बसल्या. सुखदेव मिस्त्री काठावर उभे राहून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी खर्रा थुंकला, जे ते सहसा बोलण्यासाठीच करतात, आणि काही न बोलता घरी गेले. चर पुन्हा खणावे लागले. खर्च दुप्पट झाला.

तथापि न्यायाने हेही नमूद केले पाहिजे की त्या पाण्याने एक गोष्ट उघड केली. तीन कोपऱ्यांत पाणी जसेच्या तसे होते. चौथा कोपरा मात्र रात्रंदिवस पाणी पीत होता. चौकशीअंती शेजारच्या म्हातारीने सांगितले की तिच्या लहानपणी तिथे खदान होती. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या भिंतींना माती तिथूनच गेली, आणि खड्डा पुढे कचऱ्याने बुजला. हे ऐकून साडभाऊंनी गल्लीतील घरोघरी जाऊन भिंतींवर हात फिरवला. दुसऱ्या दिवशी ते माझ्या बैठकीवर हजर. अकरा घरमालकांना नोटीस लिहावी, अशी त्यांची मागणी होती : तुमच्या भिंतीत माझा पायवा आहे, तो परत करावा. मी समजूत घातली की कायद्यात अशी तरतूद दिसत नाही. तेव्हा त्यांनी खिशातून घरकुलाच्या अर्जाची प्रत काढली, जो अर्ज मीच लिहिला होता, आणि एका ओळीवर बोट ठेवले. "सदर जागा उंच, कोरडी व मुरमाड आहे," असे तीत माझ्या अक्षरात होते. "हे कोनी पाह्यलं होतं बापू?" त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता. मी त्यांना चहा पाजला. त्या दिवसानंतर कोणत्याही जागेचे वर्णन मी जागा पाहिल्याशिवाय लिहीत नाही.

शिमग्याच्या आठ दिवस आधी इंजिनिअर मॅडम पाहणीस आल्या. वयाने लहान, परंतु कामात पक्क्या. त्यांनी पाच खड्डे पाहिले, चर पाहिले, पाणी पिणारा कोपरा पाहिला, शेडात जाऊन एकोणीस बरण्याही पाहिल्या, आणि हसल्या नाहीत. साडभाऊंच्या डोळ्यांत त्यांच्याविषयी जो आदर तेव्हा दिसला तो मी माझ्याविषयी कधी पाहिलेला नाही. मॅडमनी वहीत चित्र काढले : नऊ कॉलम, सगळे मुरमापर्यंत खाली, त्या एका कोपऱ्यातला अधिक खोल, वर सगळ्यांना बांधून ठेवणारा बीम. सगळे सुटले असे वाटत असतानाच त्यांनी पेन थांबवून विचारले, "काका, पुढे वर मजला घ्यायचा आहे का?"

साडभाऊंनी सगळ्या तालुक्याला प्रश्न विचारले होते. हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. ते खड्ड्यात पाहत म्हणाले, "घ्यावा तं लागंल जी."

"कोण राहणार वर?"

"पोट्टा आहे न."

त्यांना एकच मुलगा. पुण्याकडे एका कारखान्यात नोकरीला आहे, लग्न झालेले, एक लहान मुलगी. दिवाळीला दोन दिवस येतो. मॅडमनी मग शांतपणे समजावून सांगितले. एका मजल्याचा पायवा घातला तर बाराची, म्हणजे बारा मिलिमीटर जाडीची, लोखंडी सळाख आणि चार फुटी खड्डे पुरतील. मग आहे त्या पैशात दोन खोल्या, स्वयंपाकघर, स्लॅब सगळे बसेल, आणि पावसाच्या आत होईल. दोन मजल्यांचा घालायचा तर सोळाची सळाख, साडेपाच फुटी खड्डे. मग पैसे जोत्यावर संपतील आणि भिंतींसाठी दुसऱ्या हप्त्याशिवाय काही उरणार नाही. "आणि काका," त्या म्हणाल्या, "भिंत पाडून पुन्हा बांधता येते. पायवा मागाहून मोठा करता येत नाही."

हे वाक्य त्यांनी बोलावयास नको होते. साडभाऊंनी त्याच क्षणी सांगितले, "दुमजली."

येथून पुढचे पंधरा दिवस असे गेले. साडभाऊ स्वतः खड्ड्यात उतरून चार फुटांचे साडेपाच फूट करू लागले. बाई शेडाच्या दारात बसून पाहत असे, आणि तिचा खोकला आम्हाला खड्ड्यातसुद्धा ऐकू येई. सुखदेव मिस्त्रींनी एका दिवसात दोनदा खर्रा थुंकला. "पानकर," ते म्हणाले, "घर जमिनीवर बांधाचं का जमिनीत?" गावात म्हणू लागले की हे वरचा मजला आधी बांधून राहिले, तोही उलटा. कार्यालयाचे पत्र आले होते की चैत्र संपेपर्यंत जोते न दिसल्यास पहिला हप्ता परत घेण्यात येईल. मी मुदतवाढीचे दोन अर्ज केले, आणि ते माझ्या आयुष्यातील उत्तम अर्जांपैकी आहेत, परंतु मुदत कागदावर वाढते, मिरग वाढत नाही. मी शंभर रीतींनी अंदाज मांडून पाहिला. खिडक्या कमी केल्या, न्हाणी काढून टाकली, भिंतीची जाडी कमी केली. प्रत्येक वेळी शंभरातले सत्तर रुपये मातीखाली जात होते आणि बाई टिनाखाली राहत होती. एका दुपारी तिने भाकर नेऊन खड्ड्याच्या काठावर ठेवली आणि विचारले, "मंग मी पायव्यात राहू का?" साडभाऊ खालून म्हणाले, "एक साल काढून घे न. मंग पोट्टा येईन, तो वरतं बांधंल." "कोनी सांगतलं तुमाले, येते म्हनून?" साडभाऊंनी कुदळ चालू ठेवली.

वास्तविक मुलाला विचारणे हा सरळ मार्ग होता. परंतु बापलेकांचे फोनवरील बोलणे मी ऐकलेले आहे. "जेवला का?" "जेवलो. तुमी?" "जेवलो." आणि मग, "आईले देतो." याखेरीज मी त्यांच्या तोंडून काही ऐकलेले नाही. तेव्हा एके दिवशी साडभाऊ माझ्या बैठकीवर आले, पक्षकारांच्या रांगेत आपला नंबर येईपर्यंत उभे राहिले, आणि नंबर आल्यावर म्हणाले, "पोट्ट्याले एक चिठ्ठी लेहून दे. मजबूर करू नोको. फक्त इचार." मी विषय घातला : "पायवा एका मजल्याचा घालावा की दोन, याबाबत निर्णय कळविण्याबाबत." पर्याय अ आणि पर्याय ब स्वतंत्र परिच्छेदांत मांडले. मातापित्यांच्या ऋणाविषयी एक परिच्छेद मी आपणहून जोडला होता. तो माझ्या मते पत्राचा प्राण होता. साडभाऊंनी वाचून त्यावर बोट ठेवले. "हे काढ. त्याले वाटंल, बाप मांगून रायला." मी परिच्छेद काढला. पत्राचा फोटो माझ्याच फोनवरून पाठविला. थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा दिसल्या.

आठ दिवस उत्तर आले नाही. साडभाऊंनी कुदळ खाली ठेवली होती. ते खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसत आणि फोन बाजूला विटेवर ठेवीत. फोन वाजला की आधी चष्मा पुसत, मग घेत. तो कधी बँकेचा असे, कधी चुकीचा लागलेला असे. त्या आठ दिवसांत त्यांचे चिकित्सक डोळे एकदम म्हातारे झालेले मी पाहिले. मी दररोज कचेरी सुटल्यावर तिथे जाई.  एकदा त्यांनी मला विचारले, "तुले उत्तर येते का रे, तू लेहतो त्याचं?" मी म्हणालो, "पोच येते." ते म्हणाले, "तेवढी तं आली."

नवव्या दिवशी मुलाचा फोन आला, परंतु तो वडिलांना नव्हे, आईला. त्याने सांगितले की एकाच मजल्याचा घाला, आणि उरलेल्या पैशात आईसाठी पक्की न्हाणी करा. त्याने तिकडे कर्ज काढून घर घेतले आहे, नवव्या मजल्यावर. बाबांना कसे सांगावे ते कळत नव्हते. बाईने हे साडभाऊंना सांगितले नाही. ती पदर खोचून सरळ सुखदेव मिस्त्रीच्या घरी गेली आणि म्हणाली, "मिस्त्री, उद्या बाराची सळाख आना." दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. साडभाऊंनी एक सळाख उचलली, तळहातावर फिरवली, चष्मा वर करून तिचे तोंड पाहिले. "बाराची आहे," ते म्हणाले. "हव जी," मिस्त्री म्हणाले. साडभाऊंनी सळाख जशी उचलली होती तशी हळूच खाली ठेवली. नंतर ते खड्ड्यात उतरले आणि आपण खणलेला जादा दीड फूट आपल्याच हाताने मुरूम चोपून बुजवू लागले. त्या दिवशी पहिल्यांदा सुखदेव मिस्त्री कोणी न सांगता दुसरे फावडे घेऊन त्यांच्यासोबत उतरले.

पुढे सगळे भराभर झाले. जोते आले, मॅडमनी फोटो काढला, हप्ता सुटला, भिंती चढल्या. स्लॅब पडला तेव्हा साडभाऊंनी मिस्त्रींना एकच गोष्ट सांगितली : कॉलमच्या सळाखी वर कापू नका, दोन हात ठेवा. त्या पायव्यावर दुसरा मजला पेलत नाही हे त्यांना ठाऊक होते, मिस्त्रींना ठाऊक होते. सळाखी ठेवल्या. "कायले पाह्यजेत त्या?" बाईने विचारले. "वालाचा वेल चढंल," साडभाऊ म्हणाले. मिरग लागण्याच्या चार दिवस आधी, दारांना रंग नसतानाच, बाई नव्या घरात राहावयास गेली. या पावसाळ्यात तिचा खोकला निम्म्यावर आला आहे, हे मी समक्ष पाहून लिहितो. साडभाऊंनी घराच्या चारही कोपऱ्यांना पेन्सिलीने खुणा केल्या असून अद्याप कुठेही चीर नाही.

नवव्या मजल्याची गोष्ट बाईने त्यांना स्लॅबच्या दिवशी सांगितली होती. ते रागावतील, निदान खचतील, अशी आम्हा सगळ्यांना भीती होती. त्यांनी फक्त विचारले, "पायवा केवढा आहे त्याचा?" बाईला माहीत नव्हते. मुलाने पाठविलेला इमारतीचा फोटो तिने त्यांना दाखविला. तेव्हापासून साडभाऊ दिवसातून एकदा तरी तो फोटो उघडतात आणि दोन बोटांनी मोठा करून खालच्या कडेला नेतात. फोटो खालून कापलेला आहे. वरचे मजले, गॅलऱ्या, आकाश, सगळे आहे. इमारत जिथे जमिनीत शिरते तेवढे आलेले नाही. "नऊ मजले बापू," परवा ते मला म्हणाले, "अन् त्याच्यावरतं पुन्हा कितीक असतीन. त्यायची पोरगी धावत असंल तिथं. खालतं कोनी पाह्यलं असंल का?" मी म्हणालो, मुलालाच विचारा. त्यांनी मान हलवली. "नोको. त्याले वाटंल, बाप नजर लावून रायला."

येणेप्रमाणे गैरअर्जदारांविरुद्ध माझी जी काही तक्रार होती ती मी मागे घेत आहे. मात्र त्यांच्या चिरंजीवास, हे त्याच्या वाचनात येईल या भरवशावर, विनंती करण्यात येते की, तू राहतोस त्या इमारतीचा पायवा किती फूट खोल आहे, तो मुरमावर टेकला आहे की खडकावर, आणि जमीन काळी असल्यास काय तजवीज केली आहे, याची तिकडच्या जबाबदार व्यक्तीकडे चौकशी करावी व वडिलांना फोन करून सांगावे. माहिती न मिळाल्यास तेवढेच सांगावे. उशीर झाला तरी हरकत नाही; परंतु उत्तर आईजवळ न देता त्यांनाच द्यावे, आणि त्यांनी फोन आईकडे देऊ केल्यास, नको, तुमच्याशीच बोलायचे आहे, असे म्हणावे. उत्तराची प्रत तक्रारदारास पाठविण्याची आवश्यकता नाही.